कावी-कंबोईला किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी : रविवार कुठला, वेळ कुठली?

मांजलपूरकर :
नमस्कार मंडळी. नवरात्राची गडबड सुरू व्हायच्या आत, बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा समुद्राकाठचे स्थलांतरित पक्षी पाहायचा बेत आहे. जागा खंबातच्या आखाताकाठची कावी-कंबोई. आम्ही चौघं, त्यातले दोघं सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे फार चालणं नको. टिंबी आणि वढवाणा तलावांवरचे पक्षी ओळखीचे आहेत. शेकाट्या, उचाट्या, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी इथवर अडचण नाही. किनाऱ्यावरचे एकाच साच्यातले करडे टिलवे (सँडपायपर) आणि चिखल्या (प्लव्हर) मात्र वेगळे काढता येत नाहीत. जवळ ८×४२ च्या दोन दुर्बिणी आणि ६५ मिमीचा एक स्पॉटिंग स्कोप आहे.

पहाटे चारला निघून उजाडता उजाडता पोचावं का? रविवारच जमेल, पण कुठला ते कसं ठरवायचं? गाडी कुठवर जाते? आणि क्रॅब प्लव्हरची, म्हणजे खेकडे खाणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची, आशा ठेवावी का?

भरतीचं कोष्टक :
चारला निघायचं की सहाला, हे सूर्य ठरवत नाही. तलावावर उजेड बघून जायचं, आखातावर पाणी बघून.

कंबोईला पुळण नाही, गाळ आहे, आणि त्या गाळाला उतार अगदी नावापुरता. खंबातचं आखात वर निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी दाटून चढतं. पलीकडच्या काठावर भावनगरला उधाणात, म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं ते ह्याचमुळे. ओहोटीला पाण्याची कड पार लांब सरकते आणि टिलवे, चिखल्या, कुरव सगळे तिच्याबरोबर जातात. त्या वेळी पोचलात तर पुढ्यात नुसता चिखल आणि स्कोपमध्ये थरथरणारे ठिपके. पाणी चढू लागलं की तीच कड पक्ष्यांना ढकलत काठाकडे आणते. म्हणून भरतीच्या वेळेआधी अडीच-तीन तास जागेवर बसलेलं असावं. पहिले दीड-दोन तास पक्षी चरत चरत जवळ येतात, ओळख पटवायला हाच काळ. शेवटच्या तासात चिखलाची पट्टी संपते, थवे उठतात आणि अगरांवर (मिठागरांवर), पडीक शेतांत किंवा बांधांवर विसाव्याला जातात. भरती होऊन तास-सव्वा तास झाला की परत खाली उतरतात. दोन ज्येष्ठ बरोबर आहेत म्हणता, मग हे उत्तमच. घडीच्या खुर्च्या घेऊन काठावर बसा, चालायचं काम पक्षी करतील.

आता रविवार. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. ह्या रविवारी भरती सकाळी साडेआठला असेल तर पुढच्या रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास, आणि सकाळी साडेआठला नेमकी ओहोटी. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा साडेआठच्या आसपास. थोडक्यात, एक रविवार सोडून एक कामाचा.

वेळेबरोबर उंचीही बघायची. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. भांगेच्या भरतीत चिखल पूर्ण झाकलाच जात नाही, पक्षी लांबच राहतात आणि तुम्ही वाट बघत बसता. उधाण एका जागी दर वेळी साधारण त्याच घड्याळी वेळेला येतं, त्यामुळे मोठी भरती आणि सकाळचा उजेड दोन्ही एका दिवशी जुळतीलच असं नाही. कोष्टक समोर घेऊन उधाणानंतरचे तीन-चार दिवस तपासा. सकाळी आठ ते साडेनऊच्या मधली भरती आणि त्या पंधरवड्यातल्या सगळ्यात लहान भरतीपेक्षा निदान मीटरभर उंची, एवढं मिळालं की तारीख पक्की करा.

कोष्टक भावनगरचं घ्या, मुंबईचं नको. आखाताच्या तोंडापासून वर यायला भरतीच्या लाटेला काही तास लागतात, त्यामुळे मुंबईचे आकडे आणि तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा कोकणातला हिशेब इथे साफ चुकतो. काही ॲपमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. कंबोई भावनगरपेक्षा आखातात आणखी वर आहे, तेव्हा भावनगरच्या वेळेपेक्षा थोडा उशीर धरा. देवळात त्या दिवसाची भरतीची वेळ विचारली की सांगतात, तिच्याशी ताळा करा.

साडेआठची भरती असेल तर सहापर्यंत पोचायला हवं. सप्टेंबरअखेर सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी होतो. म्हणजे तुमचे पहाटेचे चार बरोबर निघाले, पण ते भरतीमुळे.

जंबुसर-पादरा :
रस्त्याचं सांगतो. बडोदा, पादरा, जंबुसर, कावी, कंबोई, साधारण ऐंशी किलोमीटर. दोन तास धरा, पावसाने रस्ता उखडला असेल तर त्याहून जास्त. येताना मही ओलांडून खंबात-धुवारण बाजूही करावी असा विचार असेल तर सोडून द्या. गंभीरा पूल जुलै २०२५ मध्ये कोसळला, तेव्हापासून पलीकडे जायचं तर वासदचा मोठा वळसा पडतो. एका दिवसात एकच काठ. वढवाणाही त्याच दिवशी जोडू नका, तो डभोईकडे, शहराच्या बरोबर दुसऱ्या अंगाला.

गाडी देवळाच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून पुढे किनाऱ्याकडच्या सपाट मोकळ्या जमिनीवर घालू नका. सप्टेंबरात तिच्यावर पांढरट खारी पापडी धरलेली असते, वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि दोन बोटांखाली लोण्यासारखा गाळ असतो. टाच दाबून बघा. ठसा ओला उमटला किंवा टाच आत गेली तर तिथे चाकही जाणार. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक स्वतःचा खड्डा करतं. पुढच्या चाकांसमोरचा गाळ हाताने काढा, खाली पोतं किंवा पायपुसणी सरकवा, टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा आणि सरळ रेषेत हळू बाहेर काढा. जंबुसरला येऊन पुन्हा हवा भरा.

चिखलात उतरायचं नाही, हे बरोबरच्या सगळ्यांना निघायच्या आधीच सांगा. फोटोसाठी दहा पावलं पुढे जायचा मोह होतो तो इथेच. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक भाग. नऊ मीटरची भरती असेल तर मधल्या दोन तासांत साडेचार मीटर. खंबातच्या आखातात तर चढायला लागणारा वेळ उतरण्यापेक्षा कमी, म्हणजे वेग ह्याहूनही जास्त. समजा पाचशे मीटरला एक मीटर असा उतार आहे, तर त्या तासांत पाण्याची कड तासाला किलोमीटरभराहून जास्त पुढे येते. शिवाय ती समोरून सरळ येत नाही. आधी नाळी, म्हणजे चिखलातले ओहोळ, भरतात, आणि नाळ तुमच्या पाठीमागेही असते. गुडघाभर गाळात रुतलेल्या माणसाला तेवढ्या वेळात मागे फिरता येत नाही.

अमावस्येला देवळात मोठी गर्दी असते, तो रविवार टाळा. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर. किनाऱ्यावर सावली नाही आणि भाद्रपदातलं ऊन श्रावणापेक्षा कडक. सत्तरीच्या मंडळींना साडेदहानंतर तिथे बसवून ठेवू नका.

टिलवा :
ओळखीबद्दल. आधी चाल बघा, रंग नंतर. चिखल्या पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, तो भक्ष्य डोळ्याने शोधतो. टिलवे मान खाली घालून चालत राहतात आणि चोच चिखलात खुपसत जातात, त्यांचं काम स्पर्शावर. एवढ्यावरच निम्मा थवा वेगळा निघतो.

मग मोठे बाजूला काढा. लांब, खाली वाकलेली चोच दोघांची, कर्ल्यू आणि व्हिंब्रेल. कर्ल्यूची चोच डोक्याच्या तिपटीपर्यंत आणि डोकं साधं. व्हिंब्रेलची दुपटीच्या आसपास, डोक्यावर दोन गडद पट्टे आणि मधून फिकट रेघ. पाणटिवळे म्हणजे गॉडविट उडाल्याशिवाय सोडू नका. पंखावर ठळक पांढरा पट्टा आणि काळं शेपूट दिसलं तर ब्लॅक-टेल्ड. पट्टा नाही, शेपटावर बारीक आडव्या रेघा, चोच किंचित वर वळलेली आणि पाय तुलनेने आखूड, तर बार-टेल्ड. वढवाण्याला दिसतो तो बहुधा पहिला.

खरी परीक्षा लेसर आणि ग्रेटर सँड प्लव्हरची. (लेसरचे आता दोन भाग झालेत, आपल्याकडे येतो तो मुख्यतः तिबेटन सँड प्लव्हर.) दोघेही वरून मातकट, खाली पांढरे, छातीच्या बाजूंना मातकट डाग. आकार शेजारी शेजारी उभे असतील तरच उपयोगी. चोचीचं माप घ्या. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धरा आणि तेवढंच चोचीच्या टोकाकडे मोजा. चोच त्याहून लांब निघाली तर ग्रेटर, बरोबरीची किंवा आखूड असेल तर तिबेटन. ग्रेटरचे पाय फिकट, हिरवट-करडे आणि लांब, उडताना पावलं शेपटाच्या बाहेर येतात. तिबेटनचे पाय गडद. पण पायाला ओला गाळ लागला की सगळेच पाय काळे दिसतात, म्हणून पायाच्या रंगावर एकट्यावर नाव ठोकू नका. दोन खुणा जुळल्या नाहीत तर ‘सँड प्लव्हर’ एवढंच लिहा. ती नोंद खरी आहे, म्हणून उपयोगी आहे. केंटिश प्लव्हर मात्र सोपा. मानेमागे पूर्ण पांढरी पट्टी असते, ती ह्या दोघांना नसते.

लहान टिलव्यांत लिटल स्टिंट चिमणीएवढा, काळे पाय, आखूड सरळ चोच. पाय पिवळसर असतील तर टेमिंक्स स्टिंट, पण तो उघड्या चिखलापेक्षा गोड्या पाण्याच्या गवताळ कडेला जास्त. कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन उडताना पकडा. पहिल्याची शेपटाच्या वरची, कमरेची जागा स्वच्छ पांढरी, दुसऱ्याच्या मधून काळी रेघ. बसलेला असेल तर कर्ल्यू सँडपायपर उंच पायांचा आणि चोच बुडापासून एकसारखी वाकलेली. टेरेक सँडपायपर एकदा पाहिला की चुकत नाही. चोच वर वळलेली, पाय आखूड आणि नारिंगी-पिवळे, खेकड्यामागे वाकून धावतो.

सप्टेंबरात गोंधळ वाढतो कारण एका थव्यात तीन प्रकारचा पिसारा असतो. मोठे पक्षी जुलैअखेरपासून येऊ लागतात, त्यांच्या अंगावर विणीच्या पिसाऱ्याचे उरलेले तांबूस डाग, पिसांच्या कडा झिजलेल्या. काहींनी तो टाकून करडा पिसारा घेतलेला. आणि ऑगस्टअखेरपासून यंदाची पिल्लं. पिल्लू ओळखायचं ते नीटनेटकेपणावरून. सगळी पिसं एकाच वयाची, पाठीवर प्रत्येक पिसाला फिकट कड, माशाच्या खवल्यांसारखी. लिटल स्टिंटच्या पिल्लाच्या पाठीवर पांढऱ्या रेघांचा इंग्रजी व्ही उमटतो, कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाच्या छातीवर फिकट जर्दाळू रंगाची झाक असते. माझ्या मते हिवाळ्यापेक्षा शिकायला हाच महिना चांगला. जानेवारीत सगळे करडे होऊन बसतात.

स्कोप वीसपट मोठं दाखवण्यापासून सुरू करा. साडेनऊनंतर गाळावरून वाफ उठते, मग तीसच्या पुढे वाढवून फायदा नाही, प्रतिमा मोठी होते आणि खुणा विरघळतात. तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नका. बसल्या उंचीवर ठेवली तर वाऱ्यात हलत नाही आणि ज्येष्ठांनाही सोयीचं.

अगरांची वाट :
कोष्टकवाल्या दादांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. उधाणाची संध्याकाळ टाकून देऊ नका. कंबोईचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, हे खरं. पण मोठ्या भरतीत पक्षी किनाऱ्यावर राहतच नाहीत, मागच्या अगरांवर येतात. तेव्हा समुद्राकडच्या बांधावर, अगरांकडे तोंड करून थांबायचं. सूर्य पाठीशी, पक्षी पूर्वेला, उजेड सोनेरी. पायांचे रंगही तेव्हाच नीट कळतात.

मिठागरं खाजगी असतात. आधी तिथल्या अगरियांना (मीठ पिकवणाऱ्यांना) विचारा, बांध त्यांच्या कामाचा असतो आणि कुठला बांध ओला आहे हेही त्यांनाच ठाऊक. विसावलेल्या थव्यापासून दोनशे मीटरच्या आत शिरू नका. झोपलेल्या पक्ष्यांनी माना वर काढल्या, एका पायावरचे दोन पायांवर आले, की तुम्ही पुरेसे जवळ आलात, तिथेच थांबा. थवा उठला तर आपण जास्त पुढे गेलो असं समजावं. हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, पिसं बदलत असतात, काहींना अजून पुढे जायचं असतं. भरतीचे हे दोन-तीन तास त्यांच्या विश्रांतीचे. उगीच उडवलेल्या थव्याची चरबी त्या उडण्यात जळते.

अगरांत रोहितही (फ्लेमिंगो) बघा. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा रोहित, सगळी चोच गडद, दुरून काळीच वाटावी अशी, तर लहान.

भरतीचं कोष्टक :
मान्य, ताई. फक्त संध्याकाळच्या बेतात परतीचा रस्ता अंधारात येतो, सत्तरीची मंडळी बरोबर आहेत म्हणून सकाळ म्हटलं होतं. दोघांचीच खेप असती तर मीही उधाणाची संध्याकाळच निवडली असती.

मांजलपूरकर :
सगळ्यांचे मनापासून आभार. कोष्टक काढून बसलो आहे. अजून दोन शंका. क्रॅब प्लव्हरचं राहिलं. आणि भरती ओसरायला लागली की दुपारपर्यंत काय करावं, तसंच परतावं का?

जंबुसर-पादरा :
क्रॅब प्लव्हर इथे धरून चालू नका. त्याचा मुक्काम कच्छच्या आखातात, जामनगरकडे, नरारासारख्या जागी. तिथे पोवळ्याचे खडक, वाळू आणि त्यामानाने स्वच्छ पाणी, खेकडे भरपूर. इथे गढूळ पाणी आणि मऊ गाळ. जामनगरचा बेत वेगळा करा, मुक्कामाचा.

भरतीनंतर लगेच निघू नका. कावीकडे परतताना गांड्या बावळीची (विलायती बाभळीची) झुडपं आणि तारा हळू गाडीतून बघत या, खाली उतरायची गरज नाही. सप्टेंबरात आफ्रिकेकडे जाणारे पक्षी गुजरातवरून जातात. कच्छमध्ये ते सर्रास मिळतात, इकडे कमी, पण तारेवरचा प्रत्येक नीलपंख तपासण्यासारखा. डोकं आणि छाती सगळी निळी असेल तर युरोपियन रोलर. छाती तपकिरी-गुलाबी आणि उडताना पंखात फिकट आकाशी पट्टा असेल तर आपला नेहमीचा. मोठ्या वेड्या राघूंचं (बी-ईटर) शेपूट बघा. हिरवं तर ब्लू-चीक्ड, निळं तर ब्लू-टेल्ड. शेतांवरून खालून तरंगत जाणाऱ्या दलदली भोवत्यांच्या (मार्श हॅरियर) येण्याचीही ही सुरुवात.

टिलवा :
एक राहिलं. एखाद्या टिलव्याच्या पायात रंगीत पट्टी, म्हणजे फ्लॅग, दिसली तर बाकी सगळं सोडून तिच्याकडे लक्ष द्या. पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, तुमचा नव्हे), सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम, अक्षरं वाचता आली तर ती. फोटो धूसर आला तरी ठेवा. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवली की पक्षी कुठे आणि कधी पकडला होता ते समजू शकतं. उन्हात फिकटलेली पिवळी पट्टी पांढरी वाटते, तेव्हा रंगाची खात्री नसेल तर तसंच लिहा.

मोजणी एकेक करू नका, पाणी वेळ देत नाही. पन्नास पक्षी खरोखर मोजा, तेवढा तुकडा किती जागा व्यापतो ते डोळ्यात बसवा आणि त्या मापाने पुढचा थवा मोजत जा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडून बघा. ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किनाऱ्याची यादी वेगळी आणि अगरांची वेगळी ठेवा. तेच थवे किनाऱ्यावरून उठून अगरांवर येतात, त्यामुळे दुसऱ्या यादीच्या शेऱ्यात तसं नमूद करा, नाहीतर पक्षी दुप्पट धरले जातात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तिपाईचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, सांध्यातला गाळ काढा आणि उघडेच ठेवून वाळवा. खार राहिला की महिनाभरात पेच अडकतात. भिंगं आधी फुंकणीने साफ करा, मगच ओलसर कापड लावा. खारी धूळ कोरडी पुसली तर काचेवर चरे उमटतात.